हरिकेनच्या आधी सिटी बसने शेल्टरला जाताना

मी गाडी चालवत नाही. डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे मला लायसन्स मिळत नाही, आणि नवरा कामासाठी वर्षातले बरेच महिने दुसऱ्या राज्यात असतो. त्यामुळे फ्लोरिडात, टॅम्पा बेच्या काठावर सेंट पीटर्सबर्गला, घरात बहुतेक वेळा आम्ही तिघंच: मी, माझा दहा वर्षांचा मुलगा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. त्यांना मधुमेह आहे, रोज इन्सुलिन लागतं, आणि लांब जायचं तर व्हीलचेअर लागते.

२०२४ साली तेरा दिवसांच्या अंतराने आमच्याकडे दोन हरिकेन आली, २६ सप्टेंबरला हेलेन आणि ९ ऑक्टोबरला मिल्टन. हेलेनच्या वेळी माझा हिशेब चुकला. मिल्टनच्या वेळी आम्ही तिघं सिटी बसने शेल्टरला, म्हणजे वादळात आसरा घ्यायला उघडतात त्या सार्वजनिक जागी गेलो आणि सुखरूप परत आलो. तेव्हापासून ओळखीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले लोक मला फोन करून विचारत असतात. नुकतीच शिकायला आलेली, गाडी नसलेली मुलं असतात. आईवडील भेटीला आलेत आणि आपण नेमके दौऱ्यावर, अशी माणसं असतात. प्रत्येकाला तेच सांगते, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. बस वादळ येईपर्यंत चालत नाही. सलग वाहणारा वारा ताशी ३९-४० मैलांवर (साधारण ६३-६४ किलोमीटर) जायच्या बेतात असला की बससेवा बंद होते. आमच्या पिनेलस काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) हेच आहे, मायामीतही हेच. हरिकेन म्हणायला वारा ताशी ७४ मैल लागतो. म्हणजे बस बंद होते तेव्हा हरिकेन अजून कितीतरी लांब असतं, आणि खिडकीतून पाहिलं तर झाडं नुसती हलताना दिसतात. बस उंच असते, वाऱ्याला आडवी पडते. आमच्याकडे खाडीवरचे लांब पूल आहेत, ड्रायव्हरांनाही आपापली घरं आहेत आणि बसही सुरक्षित जागी न्याव्या लागतात. २००५ मध्ये कॅटरिनाच्या वेळी न्यू ऑर्लिन्समध्ये शाळेच्या पिवळ्या बस ओळीने पाण्यात बुडालेल्या जगाने पाहिल्या. त्या बस कुणाच्याच उपयोगी पडल्या नाहीत.

हेलेनच्या वेळी मी नेमकं हेच विसरले. बातम्यांत सांगत होते की वादळ गुरुवारी रात्री उशिरा किनाऱ्याला लागणार, तेही आमच्यापासून बरंच उत्तरेला. मी रात्रीपासून मागे मोजत बसले आणि ठरवलं की दुपारी निघू. दुपारी सासूबाईंना घेऊन स्टॉपवर गेले, तर रस्ता रिकामा. अर्धा तास उभ्या राहिलो. मग कळलं की बस कधीच बंद झाल्या आहेत. ॲपवरून टॅक्सी बोलावली, ती दोनदा रद्द झाली. शेवटी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने त्याच्या ट्रकमध्ये बसवून आम्हाला किनाऱ्यापासून आतल्या भागात त्याच्या बहिणीकडे नेलं. त्या रात्री आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये माझ्या कमरेइतकं पाणी होतं. वादळाचा मध्य आमच्यापासून शंभरहून अधिक मैलांवर समुद्रातून गेला, तरी खाडीचं पाणी सहा फुटांहून जास्त चढलं. पिनेलस काउंटीत दहाहून अधिक माणसं गेली, बहुतेक बुडून. तो शेजारी घरी नसता तर काय झालं असतं, हा विचार आजही माझी पाठ सोडत नाही.

वेळ कशी मोजायची

नॅशनल हरिकेन सेंटर ही अमेरिकेची सरकारी संस्था प्रत्येक वादळाचे बरेच नकाशे काढते. टीव्हीवर दिसतो तो शंकू. तो वादळाचा मध्य कुठून जाईल एवढंच दाखवतो, आणि मध्यसुद्धा तीनातून एकदा शंकूच्या बाहेर जातो. बस पकडायच्या कामाला तो नकाशा नाही. तुम्हाला हवा आहे तो वाऱ्याच्या आगमनाच्या वेळेचा नकाशा. ट्रॉपिकल स्टॉर्मच्या ताकदीचा वारा, म्हणजे तोच ताशी ३९ मैलांचा, कुठे कधी पोचेल हे त्यात रेघांनी दाखवलेलं असतं. त्याचे दोन प्रकार आहेत, 'मोस्ट लाइकली' आणि 'अर्लिएस्ट रीझनेबल'. दुसरा उघडायचा. त्यात दिलेल्या वेळेच्या आधी वारा पोचण्याची शक्यता दहा टक्केच असते, म्हणून तयारी त्या वेळेच्या आत उरकायची. नवीन माहिती पूर्वेकडच्या वेळेप्रमाणे पहाटे पाच, सकाळी अकरा, संध्याकाळी पाच आणि रात्री अकरा वाजता येते.

समजा त्या नकाशात तुमच्या गावावरची रेघ बुधवारी सकाळी आठची आहे. मग बुधवार तुमच्या हिशेबात धरायचाच नाही. मंगळवार संध्याकाळ गर्दीसाठी सोडून द्यायची, कारण त्या वेळी ज्यांनी दिवसभर टाळलं ते सगळे एकदम निघतात, बस भरून येतात आणि स्टॉपवर न थांबता पुढे जातात. तुमची वेळ मंगळवारी सकाळची. आणि सोबत वयस्कर माणूस असेल तर सकाळी म्हणजे पहिल्या दोन-तीन बसपैकी एक. यात मी तडजोड करत नाही. मिल्टन बुधवारी रात्री साडेआठच्या सुमारास आमच्या दक्षिणेला सिएस्टा की या बेटावर धडकलं, आम्ही मंगळवारी सकाळी साडेआठच्या बसमध्ये होतो. छत्तीस तास आधी. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ऊन पडलंय, एवढी काय घाई?" ऊन पडलेलं असतानाच निघायचं असतं, हे त्यांना मी स्टॉपवर उभ्या उभ्या समजावलं.

वॉच (हरिकेन येऊ शकतं) आणि वॉर्निंग (येणार असा अंदाज आहे) या दोन सरकारी इशाऱ्यांचाही उपयोग करून घ्या. हरिकेन वॉच साधारण ४८ तास आधी लागतो आणि वॉर्निंग ३६ तास आधी. हे तासही वारा ३९ मैलांचा होण्याच्या वेळेपासून मागे मोजलेले असतात. वॉच लागला की बॅग दाराशी. घर सोडायचा आदेश निघाला आणि शेल्टर उघडलं की बाहेर. वॉर्निंगची वाट पाहत बसू नका.

तुम्हाला जायचं आहे का, हे आधी बघा

प्रत्येकाने शेल्टर गाठायचं नसतं. इथे आणीबाणीच्या कामात असलेले लोक सांगतात की पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून आडोसा घ्या. घर सोडायचा आदेश मुख्यतः स्टॉर्म सर्जसाठी असतो, म्हणजे वादळ समुद्राचं पाणी जमिनीवर ढकलतं त्यासाठी. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या काउंटींनी त्यासाठी अक्षरांचे झोन केले आहेत. ए सगळ्यात आधी निघतो, मग बी, मग सी. आपला पत्ता काउंटीच्या वेबसाइटवर टाकून आपलं अक्षर आजच बघा आणि फ्रिजवर लिहून लावा. इथे एक घोळ नेहमी होतो. घराच्या विम्यासाठी जो फ्लड झोन असतो तो वेगळा आणि हा इव्हॅक्युएशन झोन वेगळा. दोन्हींत ए हे अक्षर येतं, अर्थ मात्र एक नाही.

आणखी एक. 'कॅटेगरी फक्त एक आहे' यावर जाऊ नका. एक ते पाच हे आकडे फक्त वाऱ्याच्या वेगाचे आहेत. पाणी किती चढेल ते त्या आकड्यात नसतं.

मोबाइल होममध्ये, म्हणजे कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या हलक्या घरात राहत असाल तर अक्षर कोणतंही असो, निघायचं. तुमचं घर पक्कं असेल, झोनबाहेर असेल आणि विजेवर चालणारं कोणतं उपकरण तुमचा जीव धरून नसेल, तर घरीच राहा आणि एखाद्या झोनमधल्या कुटुंबाला बोलवा. शेल्टरपेक्षा ओळखीच्यांचं आतल्या भागातलं घर केव्हाही बरं. आमचे असे कुणी जवळ नव्हते. शेजाऱ्याच्या बहिणीकडे हेलेनच्या वेळी गेलो होतो, पण तिच्या घरात आधीच आठ माणसं होती.

जूनमधली फेरी

हरिकेनचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. पहिल्या आठवड्यातच तुमच्या जवळची दोन-तीन शेल्टर शोधा. बहुतेक शेल्टर शाळांमध्ये असतात. सगळी प्रत्येक वादळात उघडत नाहीत, म्हणून एकावर विसंबायचं नाही. मग रविवारी नव्हे, कामाच्या दिवशी, आपल्या रोजच्या स्टॉपवरून बसने त्या शाळेपर्यंत जाऊन या. सोबत नेणार त्या माणसाला घेऊन.

दर जूनमध्ये आम्ही ही फेरी करतो. पहिल्याच फेरीत तीन गोष्टी कळल्या, ज्या कुठल्याच वेबसाइटवर नव्हत्या. बस बदलायची त्या जागी सावली नाही. शाळेचं गेट स्टॉपच्या उलट बाजूला आहे आणि मधला रस्ता सहा पदरी आहे. आणि घरातून गेटपर्यंत आम्हाला एक तास पस्तीस मिनिटं लागली, ॲप मात्र पंचावन्न मिनिटं दाखवत होतं. व्हीलचेअर, सामान, मूल हे ॲपला ठाऊक नसतं. मिल्टनच्या आधी मंगळवारी आम्ही ती दीड तासाची वेळ धरूनच निघालो.

आदेश निघाल्यावर आमच्या पिनेलसमध्ये पीएसटीए आणि खाडीपलीकडे हिल्सबरो काउंटीत हार्ट या सार्वजनिक बससेवांच्या बस शेल्टरला जाणाऱ्यांना फुकट नेतात. पास नको, सुट्टे नकोत. फक्त चढताना ड्रायव्हरला सांगायचं की शेल्टरला जायचंय. हे सांगायला विसरू नका, कारण त्या दिवशी मार्ग बदललेले असतात. रोज ज्या नंबरची बस शाळेजवळून जाते तिच्यात डोळे मिटून बसायचं नाही. 'कोणत्या शेल्टरला जाते? तिथे जागा आहे का?' एवढं विचारायचं. निघण्याआधी २११ या मदतीच्या नंबरवर फोन केला तरी कोणती शेल्टर उघडी आहेत ते कळतं.

इंग्रजी न येणाऱ्या आईवडिलांसाठी एक कार्ड करून ठेवा. जाड कागदावर मोठ्या अक्षरात, वरच्या ओळीत इंग्रजीत एवढंच की मला हरिकेन शेल्टरला जायचं आहे, कृपया योग्य ठिकाणी उतरवा. खाली नाव, घरचा पत्ता, आजार, औषधं, कशाची ॲलर्जी, आणि दोन फोन नंबर, त्यातला एक वादळाच्या पट्ट्याबाहेर राहणाऱ्याचा. मागच्या बाजूला हेच सगळं मराठीत, म्हणजे आपण काय दाखवतो आहोत हे त्यांना कळतं. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात. सासूबाईंनी आधी गळ्यात घालायला नाही म्हटलं, शाळेतल्या मुलासारखं वाटतं म्हणाल्या. मग नातवाने स्वतःच्या गळ्यात एक घातलं, तेव्हा त्यांनीही घातलं.

मांडीवर मावेल एवढंच

बसमध्ये सामानाला वेगळी जागा नसते. माणशी एक बॅग, जी मांडीवर किंवा पायाशी मावेल आणि जी तुम्ही स्वतः उचलू शकाल. चाकांची मोठी सूटकेस नको. ती वाटेत आडवी येते, आणि मग व्हीलचेअरवाल्या माणसाला आत शिरता येत नाही.

फ्लोरिडातल्या बहुतेक शेल्टरमध्ये खाट किंवा अंथरूण मिळत नाही. हे अनेकांना तिथे गेल्यावर कळतं. व्यायामासाठी वापरतात ती घडीची फोमची चटई सगळ्यात उपयोगी पडते. हलकी असते, बॅगेच्या पट्ट्यात अडकवता येते, आणि शाळेच्या गार फरशीपासून पाठ वाचते. पातळ चादर, उशीचा फक्त अभ्रा (आत कपडे भरले की उशी होते), स्वेटर. आतला एसी जोरात असतो, निदान वीज असेपर्यंत. पाणी माणशी दिवसाला एक गॅलन (पावणेचार लिटर) धरतात. तीन दिवसांचं पाणी बसमधून नेणं अशक्य आहे, म्हणून भरलेल्या दोन बाटल्या घ्या आणि बाकीचं तिथे भरा. खायला न शिजवता, न तापवता चालेल ते, आणि दात नसलेल्या माणसालाही खाता येईल ते. फोनची पॉवर बँक, टॉर्च, कानात घालायचे बोळे. कागदपत्रं झिपच्या पिशवीत: पासपोर्ट, व्हिसाची कागदपत्रं, विम्याची प्रत, भाडेकरार. थोडी रोकड, कारण वीज गेली की कार्ड चालत नाही.

औषधांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे लोक अडकतात. फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे तुमच्या काउंटीला हरिकेन वॉर्निंग लागली किंवा राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केली की पुढच्या भरणाची तारीख आली नसली तरी ३० दिवसांची औषधं आधी घेता येतात. फार्मसीत तसं स्पष्ट सांगा. पण दुकानंही लवकर बंद होतात, म्हणून आणीबाणी जाहीर झाल्याच्या दिवशीच जा. आणीबाणी वॉर्निंगच्या बरीच आधी जाहीर होते. इन्सुलिनचं सांगायचं तर उघडलेलं पेन बहुतेक प्रकारांत खोलीच्या तापमानाला साधारण २८ दिवस चालतं, पण प्रत्येक प्रकाराचं वेगळं असतं, तुमच्या डॉक्टरांना विचारून ते कार्डावर लिहून ठेवा. न उघडलेली पेनं आम्ही गार राहणाऱ्या पाऊचमध्ये नेली. बर्फाला थेट टेकवायची नाहीत, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. वापरलेल्या सुया टाकायला झाकणाचा जाड प्लॅस्टिकचा डबा न्या. शेल्टरमध्ये आजूबाजूला लहान मुलं रांगत असतात.

बसमध्ये चढताना

व्हीलचेअर घेऊन सिटी बसमध्ये पहिल्यांदा चढणाऱ्या माणसाला भीती वाटते, म्हणून मी पाहिलेलं तसंच सांगते. बस थांबली की हवा सुटल्याचा सुस्कारा येतो आणि दाराची बाजू फुटपाथकडे चार-पाच बोटं खाली बसते. मग दाराच्या पायाशी दुमडलेला रॅम्प उलटून बाहेर येतो आणि फुटपाथवर टेकतो. बाकीच्यांनी थांबायचं, व्हीलचेअर आधी. पुढच्या भागातल्या सीट ड्रायव्हर वर दुमडतो, खुर्ची तिथे नेऊन ब्रेक लावायचे, आणि तो चार पट्टे खुर्चीच्या सांगाड्याला अडकवतो, दोन पुढे, दोन मागे. पट्टे चाकाला किंवा पाय ठेवायच्या पट्टीला लावू द्यायचे नाहीत, सांगाड्यालाच. त्या सकाळच्या ड्रायव्हरबाई गुडघ्यावर बसून प्रत्येक पट्टा ओढून बघत होत्या. मागे माणसं उभी होती, कुणी घाई केली नाही. पट्टे लावल्यावर त्यांनी सासूबाईंच्या हातावर हात ठेवला, आणि सासूबाई त्यांना मराठीतच म्हणाल्या, "सुखी राहा गं बाई."

घडीची साधी व्हीलचेअर असेल आणि माणसाला थोडं चालता येत असेल, तर त्यांना सीटवर बसवून खुर्ची घडी करून धरली तरी चालतं. पण खुर्चीतच बसणार असाल तर पट्टे हवेतच.

ऑक्सिजनचं सिलिंडर सोबत असेल तर ड्रायव्हरला चढतानाच सांगा, आणि ते सुटं लवंडू देऊ नका. २३ सप्टेंबर २००५ ला, रिटा हरिकेनच्या आधी, ह्यूस्टनजवळच्या बेलेअरच्या वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणाऱ्या बसला डॅलसजवळ आग लागली. आग चाकाकडून सुरू झाली, आतल्या ऑक्सिजन सिलिंडरांनी ती भडकली, आणि २३ वृद्ध गेले. म्हणूनच ज्यांना सतत ऑक्सिजन, डायलिसिस किंवा विजेवरचं यंत्र लागतं त्यांनी सिटी बसचा विचारच करू नये. फ्लोरिडात स्पेशल नीड्स रजिस्ट्री, म्हणजे विशेष मदत लागणाऱ्यांची सरकारी यादी आहे. तिथे नाव असलं की घरापासून नेण्याची सोय आणि जास्त वैद्यकीय मदत असलेलं वेगळं शेल्टर मिळतं. नाव मोसमाच्या आधी नोंदवा. वादळ मेक्सिकोच्या आखातात आल्यावर ती यादी तुमच्यासाठी लांबत नाही.

कुत्रा-मांजर असेल तर त्याला बंद पेटीतूनच न्या, आणि प्राणी घेणारं शेल्टर कोणतं ते आधी विचारा, कारण सगळी घेत नाहीत. कॅटरिनाच्या वेळी कितीतरी लोक प्राण्यांना सोडवेना म्हणून घरीच राहिले. त्यानंतर २००६ मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे इथल्या काँग्रेसने, कायदा करून राज्यांना आणि काउंटींना पाळीव प्राण्यांची सोय योजनेत धरायला लावली. अंध किंवा अपंग माणसाचा प्रशिक्षित मदतनीस कुत्रा मात्र सगळीकडे चालतो.

शेल्टरच्या आत

दारात नाव आणि पत्ता लिहून घेतात. मग जागा. वादळापुरत्या शेल्टरमध्ये माणशी वीस चौरस फूट धरतात, म्हणजे चार बाय पाच फूट. आमच्या वाट्याला शाळेच्या कॉरिडॉरमधली भिंतीकडेची जागा आली. मी स्वच्छतागृहाच्या जवळची मागून घेतली, पण अगदी दाराशी नको म्हटलं, रात्रभर ये-जा असते. लवकर पोचल्याचा हा फायदा होता. दुपारी आलेल्यांना जिमच्या मधोमध मिळाली, डोक्यावर दिव्यांचा झोत. दिवे रात्री पूर्ण मालवत नाहीत, डोळ्यांवर बांधायला रुमाल ठेवा.

व्हीलचेअरवरून फरशीवर उतरणं सासूबाईंना जमत नव्हतं. हे मी आधी लक्षातच घेतलं नव्हतं. तिथे काम करणाऱ्या बाईंना सांगितल्यावर त्यांनी शाळेच्या दवाखान्यातला पडायचा कोच मिळवून दिला. तुमच्या घरात कुणाचे गुडघे वाकत नसतील तर पोचल्या पोचल्या सांगा, रात्र पडायच्या आत.

दारू, शस्त्रं, आत सिगारेट चालत नाही. वारा वाढला की दारं बंद होतात आणि मग बाहेर सोडत नाहीत, त्यामुळे काही विसरलं म्हणून परत जायचा विचार मनातून काढून टाका. बाहेर त्या वेळी ॲम्ब्युलन्ससुद्धा थांबलेल्या असतात.

बुधवारी रात्री नऊनंतर वीज गेली. जनरेटरवर कॉरिडॉरचे एकाआड एक दिवे लागले. वाऱ्याचा आवाज भिंतीतून यायचा, लांब मालगाडी न संपता जात राहावी तसा. मुलगा विचारत होता, आपलं घर असेल का? मी म्हटलं, माहीत नाही, पण आपण तिघं आहोत. त्या रात्री सेंट पीटर्सबर्गमध्ये १८ इंचांहून जास्त पाऊस पडला, बेसबॉलच्या ट्रॉपिकाना फील्डचं छप्पर फाटलं. समुद्राचं पाणी मात्र आमच्याकडे चढलं नाही, कारण वादळ दक्षिणेला लागलं आणि वाऱ्याने खाडीचं पाणी उलट बाहेर ओढलं. नंतर काही जण म्हणाले, उगाच गेलात. दहा ते पंधरा फूट पाण्याचा इशारा होता. वादळाची वाट काही मैलांनी उत्तरेला असती तर आमच्या इमारतीत जिन्यापर्यंत पाणी आलं असतं. मी परत जाईन.

दुसऱ्या शहरात असाल तर

पद्धत गावोगाव वेगळी आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये मोठ्या हरिकेनसाठी सक्तीचा आदेश निघाला की शहरच बसने लोकांना बाहेर नेतं. त्यासाठी १७ ठरलेल्या जागा आहेत, आणि तिथे बस थांबवायला हात वर केलेल्या माणसाचे चौदा फुटी स्टीलचे पुतळे उभे आहेत. २००८ मध्ये गुस्ताव्हच्या वेळी ही व्यवस्था वापरली गेली. पण ती उभी करायला जवळपास तीन दिवस लागतात. २०२१ मध्ये आयडा इतक्या झपाट्याने वाढलं की शहराला सक्तीचा आदेश काढायला वेळच उरला नाही. म्हणून तिथे राहणाऱ्यांनी दुसरी वाटही ठरवून ठेवावी. मायामी-डेडमध्ये बस कुठून उचलेल त्या जागा काउंटी जाहीर करते, आणि अशक्त लोकांसाठी आधी नोंदणीचा वेगळा कार्यक्रम आहे. टेक्ससमध्ये नोंदणी २११ वर किंवा 'स्टीअर' या राज्याच्या यादीत करायची.

परत येताना

बस लगेच सुरू होत नाहीत. पूल तपासले जातात, रस्त्यावरची झाडं हटवतात, सिग्नल बंद असतात. मिल्टननंतर फ्लोरिडात तीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती. शेल्टर सोडायच्या आधी तिथेच विचारा की तुमच्या भागाकडे बस कधी आणि कुठून सुटेल. घाईने चालत निघू नका. साचलेल्या पाण्यात विजेची तार पडलेली दिसत नाही. आमची बस शुक्रवारी मिळाली, आमच्या स्टॉपचा खांब आडवा झाला होता म्हणून ड्रायव्हरने पुढच्या कोपऱ्यावर उतरवलं.

घरी आल्यावर फ्रिज रिकामा करा, पण बॅग रिकामी करू नका. हेलेननंतर मी ती उपसून चादरी धुवायला टाकल्या होत्या, आणि तेरा दिवसांत पुन्हा सगळं भरावं लागलं, तेही दुकानांतलं पाणी संपल्यावर. आता फक्त खाणं आणि औषधं बदलते, दर महिन्याच्या एक तारखेला, आणि ३० नोव्हेंबरपर्यंत बॅग चपलांच्या शेजारी असते.